वाढणारा येईपर्यंत

बायको गेल्यानंतर तेराव्या दिवशी माझा साळा, तिचा धाकटा भाऊ, दिग्रसच्या आमच्या घरातून निघाला. दारात चपला घालताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तो फाटकाबाहेर पडला. यात वावगं काही नव्हतं. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. त्या दिवसांत भेटायला आलेले सगळेच तसे मुकाट्याने उठून गेले होते आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण साळ्याची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा मनात आलं, आता हा पुन्हा कशाला येईल? तिचे आईवडील केव्हाच गेलेले. तिचं माहेर म्हणजे हा एकटा. आम्हांला मूल नाही. त्याला आणि मला जोडणारी होती तीच आता नव्हती.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, दुखवटा काढायचा म्हणून. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. दुःखातल्या माणसाला जवळच्या नातेवाइकाने आपल्याकडे न्यायचं, गोड जेवू घालायचं, नवा कपडा द्यायचा, एक मुक्काम करून घ्यायचा. मग त्याच्या घरात तळण आणि गोडधोड पुन्हा सुरू होतं. मी शाळेत मराठी शिकवतो आणि ग्रंथालय सांभाळतो. असल्या रीतींवर माझा विश्वास नाही, हे मी त्याला सांगितलं. दुसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा पेपर तपासायचे आहेत म्हणालो. तिसऱ्यांदा गुडघा पुढे केला. खरं कारण मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. दुखवटा निघाला की त्याचं कर्तव्य संपणार होतं. दुखवटा राहिलेला असेपर्यंत निदान त्याचा फोन तरी येत होता.

चौथ्यांदा तो म्हणाला, “भाऊजी, या वक्ताले घरी नाही बोलावून राह्यलो. हॉटेलात बोलावून राह्यलो. स्विमिंग पूल हाये.”

“मी पोहत नाही.”

“तं पाह्यजा नुसतं. मालकाले बोललो मी. खोली फुकट हाये. मातर एक अट हाये त्याची, जाताना वहीत अभिप्राय लिहाचा. खराखुरा. मालक म्हणे, मास्तर हायेत ना, लाल शाईनं लिहू द्या.”

साळा मूळचा जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यातला, फिटर. यवतमाळहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या जिनिंगमध्ये त्याची अर्धी हयात गेली. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. जिनिंग आधी हंगामापुरती, मग हंगामातही अर्धीच चालायला लागली, आणि एका वर्षी मालकाने यंत्रं विकून त्या आवारात रिसॉर्ट बांधलं. जिथे कापसाची गंजी लागायची तिथे निळ्या फरशीचा तलाव झाला. सरकी साठवायच्या गोदामात जेवणाचं दालन आलं. साळा राहिला, कारण बॉयलर, पंप आणि जनरेटर त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नसत. त्याला मागच्या बाजूला एका खोलीचं क्वार्टर मिळालं होतं. तिथे तो, त्याची बायको म्हणजे माझी सलज, आणि त्यांचा संसार कसाबसा मावत होता. मला ठेवायला जागा नव्हती म्हणून ही फुकटची खोली.

हॉटेल चालत होतं मात्र जोरात. लग्नसराईत लग्नं, आणि एरवी कापसाचा अभ्यास करायला येणारे लोक. कापूस पिकवणाऱ्यांचं काही खरं नव्हतं, पण अभ्यास करणाऱ्यांच्या गाड्या दर आठवड्याला येत, आणि त्या परिसरात उतरण्याजोगं तेवढं एकच ठिकाण होतं.

मी रविवारी सकाळच्या एसटीने गेलो. अंगात धुवट सदरा-पायजमा, खांद्यावर दुपट्टा, पिशवीत दोन पुस्तकं. दारातच पितळेच्या उंच फुलदाणीत सोनेरी रंग मारलेल्या पऱ्हाट्या ठेवल्या होत्या. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं वाळकं झाड. आमच्याकडे ते चुलीत जातं. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीला वाटलं मला ती सजावट आवडली. ती म्हणाली, “सर, छान आहे ना?” मी म्हणालो, “पेटते छान.”

खोली आमच्या शाळेच्या ग्रंथालयाएवढी होती. पलंगावर सहा उशा. एका माणसाला सहा उशांचं काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. बायको असती तर तिने आधी त्यांचे अभ्रे उलटून पाहिले असते. मी चार उशा खुर्चीत नीट बसवून ठेवल्या. त्या पाहुण्यांसारख्या माझ्याकडे पाहत राहिल्या. न्हाणीघरात बादली नव्हती. फोन करून मागितली, तर पलीकडून उत्तर आलं, “सर, शॉवर आहे.” मी म्हणालो, “तो दिसला. बादली पाहिजे.” वीस मिनिटांनी एक माणूस चाकांच्या गाडीवरून, वर पांढरा रुमाल झाकून, बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन आला. एखाद्या बादलीचा इतका मान झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. गरम पाणी मात्र आलं नाही. शेजारच्या खोल्यांतूनही त्यासाठी फोन चालले असावेत, कारण बाहेर पळापळ ऐकू येत होती. मी थंड पाण्याने अंघोळ उरकली.

साळा सकाळी पाच मिनिटं भेटून गेला होता. त्याने बजावलं होतं, “बारा वाजता हॉलमंधी येऊन बसजा. ताटाले हात लावू नोका. मी वाढतो. आचाऱ्याले पुरणाच्या पोळ्या सांगितल्या हायेत.”

दुखवट्याच्या जेवणात ज्याच्यासाठी जेवण आहे त्याने स्वतःच्या हाताने घ्यायचं नसतं. नेणाऱ्याने वाढायचं, आग्रह करायचा, पहिला घास घ्यायला लावायचा. माझा विश्वास नव्हता हे खरं, पण त्याचा होता. तीनदा नाही म्हटल्यावर एवढं तरी त्याच्या मनासारखं करावं, असं मी ठरवलं होतं. बरोबर बारा वाजता मी भिंतीजवळच्या एका टेबलापाशी पूर्वेकडे तोंड करून बसलो. समोर रिकामं ताट.

दालनात जेवण लांबलचक टेबलांवर मांडलेलं. लोक ताटं घेऊन रांगेने फिरत होते, लग्नात फिरतात तसे. मी बसून राहिलो. साडेबारा झाले. काळा कोट घातलेला एक माणूस, वाढप्यांवरचा मुखिया असावा, येऊन म्हणाला, “सर, जेवून घ्या ना.”

“घेतो.”

पाऊण वाजता तो परत आला. “सर, उपास आहे का?”

“नाही.”

“मग कोणी येणार आहे?”

“वाढणारा येणार आहे.”

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा जेवणाच्या टेबलांकडे पाहिलं. “सर, इथे सेल्फ सर्व्हिस आहे.”

“ठाऊक आहे. पण आज मला स्वतःच्या हाताने घेता येत नाही.”

तो हळूहळू मागे सरकला. पलीकडच्या दोन टेबलांवर अभ्यासाला आलेली बाहेरगावची मंडळी बसली होती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली. त्यांचंही आता माझ्याकडे लक्ष गेलं होतं. त्यांच्यातल्या एकीने अर्धी खाल्लेली जिलेबी बाजूला ठेवली. मला ते लागलं, पण कारण कळेना. सव्वा वाजता खुद्द मॅनेजर आला. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

“काका, जे काही असेल ते आपण ऑफिसात बसून बोलू. इथे पाहुणे आहेत.”

“मीसुद्धा पाहुणाच आहे. बारा नंबरची खोली.”

“हो, हो. पण हे साहेब लोक फार लांबून आले आहेत. त्यांच्यासमोर नको. तुमची मागणी काय ती सांगा. कापसाचं आहे ना?”

“नाही. पुरणपोळीचं आहे.”

मॅनेजरला घाम फुटला. तेवढ्यात पलीकडचे एक वयस्कर गृहस्थ उठून आले आणि आदराने वाकून हिंदीत विचारू लागले, “आप किसान हैं?”

“जी नहीं. मास्टर हूँ.”

“तो फिर अनशन किसलिए?”

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धुवट कपडे, खांद्यावर दुपट्टा, समोर रिकामं ताट, आणि शेजारी कापसाची चौकशी करणारी मंडळी जेवताहेत! त्या काळात आमच्या जिल्ह्यात असं दृश्य कोणीही पाहिलं असतं तर हाच अर्थ लावला असता. मीही लावला असता. मला हसू आलं. आधी नुसतं पोटात हललं, मग आवरेना. तिच्यानंतरच्या आठ महिन्यांत मी पहिल्यांदा हसत होतो, आणि ते एका उपोषणाच्या मंडपात, असं वाटून आणखीच हसू येत होतं. ते गृहस्थ घाबरून म्हणाले, “पानी लाओ, पानी.”

मी मॅनेजरला साळ्याचं नाव सांगितलं. तो ओरडला, “अहो, तो बॉयलरवर आहे! सकाळपासून गरम पाणी बंद आहे!”

पाच मिनिटांत काचेच्या दारापलीकडे साळा दिसला. निळा युनिफॉर्म, कोपरापर्यंत काळं तेल. त्या कपड्यांत दालनात यायची त्याला परवानगी नव्हती. दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो काचेतून मला विचारत होता, जेवले का? मी रिकामं ताट उचलून दाखवलं. त्याचा चेहरा पडला. मी ताट घेऊन उठलो आणि बाहेर गेलो.

“काहून बसले असे उपाशी?” तो जवळजवळ रागावलाच. “मी निरोप धाडला होता, बॉयलर बसला, भाऊजीले जेवाले घाला म्हणून.”

“जेवून घ्या म्हणाले. वाढतो कोणी म्हणालं नाही.”

“बाप्पा! अन् मीबी नाही जेवलो. तुमच्यासंग जेवाचं म्हणून.”

“मग आपण दोघंही उपोषणाला बसलो होतो,” मी म्हणालो. त्याला त्यातलं काही कळलं नाही, तेव्हा मी चालता चालता सगळं सांगितलं. तो मधेच थांबून गुडघ्यांवर हात टेकून हसला. पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर तेलाचे पंजे उमटले.

बॉयलरच्या खोलीमागे जिनिंगच्या काळातला एक दगडी ओटा तेवढा शिल्लक होता. गाड्यांमधला कापूस मोजायला उतरवायचा तो हा ओटा. सलजेने तो झाडून चटई टाकली आणि आचाऱ्याकडून पोळ्यांचा डबा, कढी आणि वडे आणले. आणता आणता तिचं तोंड चाललंच होतं.

“एवढे शिकले जवाईबाप्पू, अन् समोर अन्न असून उपाशी बसले! कोणी पाह्यलं असतं तं म्हणलं असतं, साळ्यानं बोलावलं अन् जेवू नाही घातलं.”

“पाहिलं ना. लांब लांबच्या लोकांनी पाहिलं.”

“मंग छापून येईन आता!”

साळा हात घासून घासून धुऊन आला. नखांतलं काळं काही निघालं नव्हतं. त्याने माझ्या ताटात पोळी वाढली. आमच्याकडची पोळी, पुरण जास्त आणि पीठ नावापुरतं. त्यावर तुपाची वाटीच उपडी केली. मग तो समोर बसून राहिला.

“घ्या.”

मी घास तोडला. पण तो हातातच राहिला. तिच्या हातची पोळी अगदी अशीच असे, पहिल्याच घासाला फुटून पुरण बोटांवर येणारी. सलज दुसरीकडे पाहू लागली. साळा खाली मान घालून म्हणाला, “तीन खेपा नाही म्हणलं तुमी. मी इले म्हणलं, बहीण गेली, आता मास्तरचं न् आपलं काय उरलं. थे कायले येतीन?”

मी घास खाल्ला. मग दुसरा. तो वाढत गेला. तिसऱ्या पोळीला मी हात आडवा धरला, तर त्याने हाताच्या खालून पोळी सरकवली. हीच युक्ती त्याची बहीण करायची. मी म्हटलं तसं, आणि तिघंही हसलो. ती त्या दोघांची खोडच होती, लहानपणी त्यांच्या नेरच्या घरी शिकलेली.

मॅनेजर आम्हांला शोधत आला तो पोळीच्या वासाने तिथेच टेकला. ‘फक्त चव’ म्हणत त्याने दोन पोळ्या संपवल्या. संध्याकाळी पाच वाजता गरम पाणी आलं.

सोमवारी सकाळी काउंटरवर अभिप्रायाची वही पुढे आली. मी पेन घेऊन बसलो. बऱ्याच दिवसांत मी सहीखेरीज काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे वेळ लागला. लिहिलं ते साधारण असं: खोली स्वच्छ आहे. उशा चार कमी केल्या तरी चालेल. बादली मागावी लागू नये. पऱ्हाट्या दारात ठेवू नयेत, ज्यांच्या शेतातल्या आहेत ते कधी आले तर त्यांना कसं वाटेल याचा विचार व्हावा. गरम पाणी सात तास उशिरा आलं. बॉयलर जुना आहे, चालवणारा चांगला आहे. तो माझा साळा आहे, हेही इथे नोंदवतो. जेवण उत्तम असावं, मी ते चाखलं नाही. मागच्या ओट्यावर मिळालं ते मात्र उत्तम होतं. दालनात निदान एक टेबल असं असावं, जिथे कोणीतरी येऊन वाढेल.

साळा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. पिशवीत त्याने दिलेला टॉवेल, टोपी आणि कोरा सदरा. वर सलजेने चार पोळ्या बांधून दिलेल्या. एसटी लांबून दिसली. दुखवटा निघाला होता. त्याच्या बाजूने जे करायचं ते करून झालं होतं. मी पायरीवर पाय ठेवला आणि वळलो.

“येतो,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग गाडी सुटता सुटता खिडकीबरोबर पळत त्याने विचारलं,

“कधी?”

“दिवाळीला. बॉयलर दुरुस्त करून ठेव.”