तीन नंबरची लेन

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. अक्का तर दिवसातून चार वेळा माझ्यासमोर येतात – त्यांच्यापाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून जमतंय की काय, कोण जाणे. लिहायची सवय नाही मला. आठवीत शाळा सुटली. कुठं चुकलं तर पुढं वाचा, थांबू नका. थांबलात तर मीही थांबेन, असं वाटतं.

मी मूळची देवगडकडची. नवरा रावेरचा, ट्रकवर. आंब्याच्या हंगामात आमच्याकडं गाडी घेऊन यायचा, त्यातूनच लग्न जुळलं आणि मी जळगावात आले. एवढ्या लांब. पहिल्या वर्षी मला इथलं बोलणं अर्धं कळायचं नाही. बाजारात मी नुसतं बोट दाखवायची. नवरा रावेरहून केळी भरून दिल्लीकडं निघाला की बारा-बारा दिवस खोलीत मी आणि पंखा. फोन लागायचा, मध्येच तुटायचा. खरं सांगू का – त्या दिवसांत कुणी माझं नाव घेऊन हाक मारली असती तरी मी रडले असते.

आबांनी मारली. सुपडूआबा, आमचे घरमालक. मूळचे धुळ्याकडचे. खाली ओट्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं, काचेच्या पेटीचं. एका दुपारी मी जिन्यावर बसलेली बघून म्हणाले, "नुसती कसाले बसस पोरी? इकडे ये." आणि हातात एक बंद पडलेला एलईडी बल्ब दिला. तो उघडायचा कसा, जळालेली टिकली ओळखायची कशी, सोल्डर धरताना श्वास कुठं थांबवायचा – सगळं त्यांनी शिकवलं. वर्षभरात टेबलाची उजवी बाजू माझी झाली. डावीकडं आबा, डोळ्याला भिंग लावून. उजवीकडं मी. बोलणं फार नसायचं. पण दोघांच्या मध्ये अक्कांचा, आबांच्या बायकोचा, चहा यायचा – एकाच ताटलीत दोन कप. त्या ताटलीचं मला काय वाटायचं, ते मला लिहिता येणार नाही.

विषय टाळतेय मी. कळतंय मला.

तर, शर्यत. आमच्या भागातलं मंडळ दर हिवाळ्यात मुलांच्या लाकडी गाड्यांची शर्यत भरवतं. हातभर लांबीच्या गाड्या, मुलांनी स्वतः केलेल्या, इंजिन नाही की बॅटरी नाही. प्लायवूडचा चोवीस फुटी उतार, त्यात चार लेन. वरची फळी पाडली की चारही गाड्या सुटतात. जळगावची मुलं असतात, धुळ्याची येतात, चाळीसगावची येतात. पहिली कोण आली, हे आबा सांगायचे. सगळ्या वर्षांत आबाच. शेवटच्या रेषेपाशी गुडघा टेकून बसायचे, हातात पांढरा रुमाल. गाडी रेषेवर आली की रुमाल खाली आणि तोंडातून नंबर. कधी भांडण झालं नाही. आईबाप मुलासाठी काय काय भांडतात, तुम्हाला माहीत आहे – पण आबांच्या रुमालापुढं कुणी बोलायचं नाही. घड्याळाचा माणूस, केसाएवढी तार ओळखतो, म्हणायचे.

आणि आबांचा एक नियम होता. प्रत्येक गाडी चारही लेनवरून एकेकदा सोडायची. "लाकूड कुठं सरळ ऱ्हास?" म्हणायचे. एका लेनचा दोष असला तर तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा यावा.

हा नियम लक्षात ठेवा.

मंडळाचे ललितभाऊ, हार्डवेअरचे व्यापारी, त्यांनी मोबाइलवर कुठंतरी इलेक्ट्रॉनिक टायमर बघितला. रेषेवर कमान, कमानीत दिवे, खाली सेन्सर. गाडीनं प्रकाश अडवला की घड्याळ थांबतं आणि पाटीवर लाल आकडे येतात. आपल्याकडं पाहिजेच, म्हणाले. पण बसवणार कोण? माणूस पुण्याहून आणायचा का, असं चाललं होतं, तेव्हा आबा म्हणाले, "पुण्याले कसाले जातस? आमनी पोर शे ना!"

आमची पोर. आईचं घर सोडल्यावर मला कुणी आमची म्हटलेलं नव्हतं.

सामान कुरियरनं आलं. हिंदीतले व्हिडिओ पाहून पाहून मी जोडलं. रोज सकाळी वाटायचं, आज सगळं जळणार आणि सगळ्यांना कळणार की हिला काही येत नाही, आठवी नापास आहे. पण लागलं. टेबलावर चारही दिवे लागले, बोट फिरवलं की आकडे थांबायचे. आबा लहान मुलासारखे बोट फिरवत बसले होते.

मग ट्रॅकवर बसवायचं काम. आबांनी प्लायवर पेन्सिलनं दोन रेघा मारून दिल्या. पहिली रेघ शर्यतीची – तिच्यावर चार भोकं, प्रत्येक लेनला एक, त्यात सेन्सर. दुसरी रेघ तिच्या पुढं दोन बोटांवर, ती कमानीचा पुढचा पाय टेकवायला. आबा जेवायला वर गेले. मी पहिलं भोक पाडलं, दुसरं पाडलं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन. नवव्या दिवशी. मध्य प्रदेशात कुठल्या तरी ढाब्यावरून. हॅलो, हॅलो एवढंच झालं आणि तुटला. मी परत लावला, लागेना. डोळे पुसले आणि तिसरं भोक पाडलं. चौथं पाडलं. चारही सेन्सर घट्ट चिकटवले – वाळलं की दगड होतं ते.

कमान ठेवली तेव्हा दिसलं. तिसरं भोक दुसऱ्या रेघेवर होतं. दोन बोटं पुढं.

म्हणजे काय, कळलं ना? तीन नंबरच्या गाडीला जिंकायला बाकीच्यांपेक्षा दोन बोटं जास्त पळायचं होतं.

सांगायला काय हरकत होती? आबा रागावले असते? आबा आयुष्यात माझ्यावर रागावले नाहीत. म्हणाले असते, चुकलं तर चुकलं. सेन्सर काढताना मोडला असता, दुसरा यायला आठवडा लागला असता, त्या वर्षी आबांचा रुमालच चालला असता – एवढंच. पण ललितभाऊंना कळलं असतं. पुण्याच्या माणसाचं नाव निघालं असतं. आमची पोर... मी ते दोन शब्द कुठंतरी ठेवून बसले होते हो. ते मला परत द्यायचे नव्हते.

म्हणून मी कमानीतल्या तिसऱ्या दिव्याची तार वाकवली. प्रकाश बरोबर भोकावर पडला. आणि रेषेसाठी नुसती बारीक पट्टी लावायची होती, तिच्या जागी चार बोटं रुंद चौकड्यांची लावली, काळी-पांढरी. काळ्या चौकोनात काळं भोक. एक रांग वर की खाली, कोण बघणार? आबा जेवून आले, म्हणाले, झकास दिसतंय. मी मनात आबांचाच नियम म्हणत होते. प्रत्येक गाडी चारही लेनवरून जाणार. दोष सगळ्यांना सारखा. मग दोष कुठं राहिला?

शर्यत मंगल कार्यालयात होती. सकाळभर सगळं सुरळीत गेलं. पोरं पाटीकडं बघून ओरडत होती, पॉइंटच्या पुढं तीन आकडे! ललितभाऊ पाहुण्यांना माझ्याकडं बोट दाखवत होते. आबा रेषेपाशी होते, रुमाल घेऊन, पण मानापुरतेच. रुमाल पडायचा, नंबर सांगायचे, पाटी तोच नंबर दाखवायची, लोक हसून टाळ्या वाजवायचे.

शेवटची फेरी राहिली आणि कार्यालयाचा माणूस आला. चार वाजता हळदीची मंडळी येतायत, आवरा. ललितभाऊ माझ्याकडं आले.

"वहिनी, आता मशीन आहे, म्हणजे एकदाच गाड्या सोडून निकाल लावला तर चालेल ना?"

आबांचा नियम मोडायचा होता आणि विचारत होते मला. तोंड उघडायची ती वेळ होती. मी म्हटलं, "चालेल."

चिठ्ठ्या टाकल्या. तीन नंबरची लेन धुळ्याच्या एका मुलीला गेली, पिवळ्या गाडीवाली. दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. पहिली लेन आमच्या जळगावच्या मुलाला, निळी गाडी. बाकी दोघं मागंच पडणार होते, सकाळपासून दिसत होतं.

फळी पडली. गाड्या सुटल्या. रुमाल खाली आला.

"तीन नंबर!"

आणि पाटीवर – एक नंबर, दोन पॉइंट आठशे चौदा. तीन नंबर, दोन पॉइंट आठशे अठरा.

मग मागून एक जण ओरडला, "आबा, चष्माना नंबर वाढना वाटस!" सगळं कार्यालय हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, प्रेमाचंच होतं. म्हणूनच जास्त... राहू दे. पिवळ्या गाडीवाली मुलगी आबांकडं बघत होती. तिनं ऐकलं होतं ना. आबा अजून गुडघ्यावरच होते. पाटीकडं बघितलं, रेषेकडं बघितलं, परत पाटीकडं. मग तेही हसले. "मशीन कसाले लबाड बोली?" म्हणाले. उठताना त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला. रुमालाची घडी घालता घालता अगदी हळू विचारलं, मला एकटीलाच,

"पोरी, तुले काय दिखनं?"

मी म्हटलं, "मी पाटीकडं बघत होते, आबा."

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. आबा धुळ्याला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं चांगले आहेत. आबांना पटलं नाही. भिंतीवरची ठळक अक्षरं कुणालाही दिसतात, म्हणाले. दुसऱ्याचं घड्याळ आपल्या हातून बिघडलं तर? होळीपर्यंत त्यांनी नवं काम घेणं बंद केलं. अक्षय्यतृतीयेला मला बोलावून भिंग माझ्या तळहातावर ठेवलं, चिमटे ठेवले. "आते तुनी नजर," म्हणाले. आणि मी ते घेतलं. वाकून नमस्कार करून घेतलं! टेबलाची डावी बाजूही माझी झाली. आबा आतल्या खुर्चीत बसायचे आणि मला वेळ विचारायचे. घड्याळाचा माणूस, समोर भिंतीवर सात घड्याळं, आणि मला विचारायचे – पोरी, किती वाजले?

रोज विचारायचे. रोज एक संधी होती, असं म्हणा.

पुढच्या शर्यतीच्या आधी मी गुपचूप नवा सेन्सर मागवला. तिसरं भोक लाकडाची पुट्टी भरून बुजवलं, घासलं, बरोबर जागी नवं पाडलं. पट्टी नवी चिकटवली. आता कुणी तपासलं असतं तरी काही सापडलं नसतं. पाहिलंत? दुरुस्तीसुद्धा मी लपवायलाच केली.

त्या वर्षी ललितभाऊंनी आबांना आग्रहानं आणलं, रुमाल हातात दिला. आबा गुडघा टेकून बसले. गाड्या सुटल्या, आल्या. आबांचा रुमाल उशिरा पडला. रेषेकडं बघतच नव्हते ते. सगळ्यांसारखे मान वर करून पाटीकडं बघत होते, आकडे येण्याची वाट बघत. आकडे आले, मग त्यांनी नंबर सांगितला.

आबांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. शेवटपर्यंत ते भेटायला येणाऱ्यांना सांगायचे, डोळ्यांनी दगा दिला, पण पोरीनं माझं टेबल राखलं. अक्का अजून चहा आणतात, त्याच ताटलीत. एकच कप असतो. भिंग माझ्याकडंच आहे. रोज डोळ्याला लावते.

आता राहिलेलं सांगते. मी पाटीकडं बघत नव्हते. पूर्ण कार्यालयात दोघंच रेषेकडं बघत होते – आबा, आणि मी. कारण तिथं काय आहे ते मला माहीत होतं. पिवळी गाडी पुढं होती. चांगली बोटभर. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.