उरलेला आराम

कुठल्याही गॅरेजच्या मागे जुन्या टायरांचा ढीग असतो. तो कुणी मुद्दाम रचलेला नसतो. एक टायर फेकला जातो, त्याच्यावर दुसरा पडतो, आणि एक दिवस पाहावं तर मागची भिंतच दिसेनाशी झालेली असते! तुमसरच्या आमच्या गॅरेजमधले किस्से असेच साचत गेले. मी शाळामास्तर. माझा ट्रकशी संबंध एवढाच, की माझा मोठा भाऊ मारोती तिथल्या एका राइस मिलचा ट्रक चालवायचा आणि माझ्याकडे राहायचा. सकाळची शाळा सुटली की मी घरी न जाता मिलच्या गॅरेजमध्ये, निंबाखालच्या बाजेवर जाऊन बसायचो. ड्रायव्हर बोलायचे, मी ऐकायचो.

ड्रायव्हरांच्या भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात, असा लोकांचा समज आहे. आमच्या गॅरेजमधल्या सगळ्या भर दुपारच्या आहेत. त्याला कारण मिलच्या शेठचा नियम.

*

आणीबाणीच्या जरा आधीची गोष्ट. कामगार खात्याचा एक साहेब मिलवाल्यांकडे फिरून गेला. ड्रायव्हरला ठरलेल्या तासांपेक्षा जास्त चालवू द्यायचं नाही, मध्ये आराम द्यायचाच, असं त्यानं बजावलं. आता धानाच्या हंगामात मिल थांबत नाही, आणि हंगाम संपला की ट्रक नुसते उभे! शेठनं डोकं लढवलं. त्याचा आवाज मिलच्या भोंग्याच्या वरताण. त्या आवाजात त्यानं सगळ्यांना सांगितलं, "आराम तुमचा, टाइम बी तुमचाच! आज घ्या, उद्या घ्या, हंगाम झाल्यावर एकदम घ्या, नाही तं एकमेकाले द्या. काम अडलं नाही पायजे, बस्स!"

"आन् उरला तं?" डोमाजीनं विचारलं. हा सगळ्यांत जुना ड्रायव्हर.

"उरलेला आराम बुडनार नाही. माझा शब्द!"

"लिहून द्या जी."

"लिहून कायले? चार मानसं ऐकून राहिली ना!"

पण ड्रायव्हर आराम घेतो आहे की उगाच लोळतो आहे, हे ओळखायचं कसं? तोड डोमाजीनंच काढली. आराम सुरू झाला की खांद्यावरचा दुपट्टा स्टिअरिंगला बांधायचा. गाठ ज्याची त्यानंच सोडायची. तोवर त्याला उठवायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही. शेठनंसुद्धा!

*

या नियमाचा पहिला दणका मिलच्या मुनिमाला बसला. त्याच्या मुलाची वरात डोमाजीच्या ट्रकमधून निघाली. ऊन मी म्हणत होतं. वाटेत मोहाचं मोठं झाड दिसलं, तसा डोमाजीनं ट्रक थांबवला, स्टिअरिंगला दुपट्टा बांधला आणि झाडाखाली आडवा झाला.

"अरे डोमाजी, मुहूर्त टळून राहिला!" मुनीम ओरडला.

"मुहूर्त तुमचा, आराम माझा!" डोमाजीनं कूस बदलली.

बाशिंग बांधलेला नवरदेव ट्रकमध्ये घाम पुसत बसला. शेवटी नवरीकडचीच माणसं बैलांच्या रेंग्या जुंपून आली आणि वऱ्हाड घेऊन गेली. डोमाजी उठून पाहतो तर ट्रक रिकामा! तो मागोमाग लग्नघरी पोचला आणि सरळ पंगतीला बसला. मुनीम दातओठ खात समोर उभा राहिला. डोमाजीनं पहिला घास घेतला आणि शांतपणे विचारलं, "जेवाचा टाइम आरामात नाही धरत ना जी?"

*

सेवक आमच्यातला थट्टेखोर. त्याची थट्टा आंबागडला गेला त्या दिवशी संपली.

तो धानाची पोती आणायला आंबागडला गेला होता. गडाच्या खालच्या बाजूला, झाडीत, दुपारी त्यानं ट्रक उभा केला. आपला लाल दुपट्टा स्टिअरिंगला बांधला आणि सावलीत झोपला. जाग आली, कॅबिनचं दार उघडलं, तर लाल दुपट्ट्याच्या शेजारी दुसरा दुपट्टा. पांढरा, धुऊन धुऊन विरलेला. गाठ आवळून मारलेली.

आजूबाजूला कुणी नाही. जरा पलीकडे एक म्हातारी मोहफुलं वेचत होती. तिनंच विचारलं, "तुह्या बाजूले झोपला होता तो उठला का, बापा?"

"कोन?"

"मले का माईत? तुह्यासारखाच डायवर दिसे. मले म्हने, माय, इथी कोनी झोपू देते का? मी म्हनलं, झोप बापा."

सेवकनं गाडी सुरू केली नाही. तो झाडाखाली ट्रककडे पाठ करून बसला. ऊन उतरलं तरी तो येत नाही म्हणून मारोतीभाऊ आणि फागू मिस्त्री त्याला शोधत गेले. सेवक तसाच बसलेला. स्टिअरिंगला फक्त लाल दुपट्टा होता.

दुसऱ्या दिवशी शेठ गरजला, "काहून बसून राहिला बे दिवसभर?"

"दुसऱ्याची गाठ सोडाची नाही शेठ. नियम हाये."

"कोन होता तो दुसरा?"

"त्याले उठवून इचारनार होतो का मी?"

सेवक त्यानंतर गॅरेजबाहेर कधी झोपला नाही.

*

आता मारोतीभाऊविषयी सांगायला हवं.

आमचं गाव दिघोरी. तिथं आमची धानाची थोडी शेती. वहिनी ती बघायची, आणि भाऊ तुमसरला ट्रक चालवायचा. हंगामभर तो आराम घ्यायचाच नाही. म्हणायचा, "मी जमवून राहिलो. पाऊस लागला का एकदम घेतो. रोवणी पुरी होईस्तोवर दिघोरीतून हलनार नाही." वहिनीलाही त्यानं तसंच सांगून ठेवलं होतं. दर साली ती रोवणीसाठी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार करून वाट पाहायची.

आणि दर साली नेमकं कुणाचं तरी काही तरी निघायचं. कुणाच्या बायकोचं बाळंतपण, कुणाचं घर शाकारायचं राहिलेलं. भाऊ लगेच म्हणायचा, "माझ्यातला घे ना." घेणारा आपल्या घरी जायचा. भाऊ त्याचा ट्रक चालवायचा. रोवणी होऊन जायची.

"मारोती, तुह्या घरी आराम पिकते का बे?" डोमाजी विचारायचा.

"उरते त्यातला देतो जी," भाऊ म्हणायचा. खरंच, इतकं देऊनही त्याचा कितीतरी उरायचा.

*

एकदा डोमाजीनंच त्याच्याकडून आराम मागून घेतला. त्याला ताप होता, घरी जाण्याचंही त्राण नव्हतं. निंबाखालीच तो झोपला. मिलचा भोंगा झाला तसा दचकून उठला आणि म्हणाला, "ढेबऱ्या कोन हाये?"

सगळे हसले. आमच्यात ढेरी कुणालाच नव्हती!

"हसू नोका. मी चिखलात उभा होतो. हातात पऱ्ह्याची जुडी. शेताच्या धुऱ्यावरून एक म्हातारी हाका मारे, ए ढेबऱ्या, जेवाले ये!"

भाऊ आणि मी हसलो नव्हतो. ढेबऱ्या हे भावाचं लहानपणीचं नाव. ते फक्त आमच्या आईच्या तोंडी होतं, आणि आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्यानंतर ते नाव ना मी घेतलं, ना त्यानं.

भाऊ डोमाजीच्या जवळ जाऊन बसला. मग हळूच म्हणाला, "जेवाले काय होतं जी?"

डोमाजीनं कपाळावर हात मारला. "भोंगा वाजला ना बाप्पा! पायलंच नाही!"

*

ही गोष्ट गॅरेजभर झाली. आराम घेतला की देणाऱ्याचं स्वप्नही सोबत येतं, असं मग सगळे धरूनच चालू लागले. कुणाचा आराम घ्यायचा यावर घासाघीस व्हायची. "सेवकचा नोको रे, त्याच्या आरामात त्याची सासू येते!" सेवकचा आराम पुढे कुणी मागितला नाही.

हा सारा खुळेपणा आहे असं मी म्हणायचो. शाळामास्तराला तसं म्हणावं लागतं.

मग कामगार खात्याचा तो साहेब पुन्हा आला. आराम नीट मिळतो का, हे पाहायला. उन्हाचा फार त्रास झाला म्हणून तो जरा पडतो म्हणाला. भावानं त्याला आपल्या कॅबिनमध्ये जागा करून दिली. "घ्या साहेब, माझ्यातला घ्या," असंही तो हसत म्हणाला. साहेब गाढ झोपला. उठल्यावर चहा पिता पिता त्यानं सगळी चौकशी केली. सगळं पाहून निघताना तो भावाला म्हणाला, "तुमच्या धानाच्या बांदीत पाणी फार झालंय. धुरा जरा फोडायला सांगा, नाही तर रोवलेलं वाहून जाईल."

बाहेर वैशाखातली जमीन भेगाळलेली होती.

मी विचारलं, "साहेब, तुम्ही दिघोरीला गेला होता?"

साहेब मागे वळला. "कुठली दिघोरी?"

*

भाऊ गेला तो हंगामात गेला. सकाळची वेळ होती. वजनकाट्यापुढे ट्रकची रांग लागलेली. भावाच्या मागे सेवकचा ट्रक. रांग पुढे सरकली, भावाचा ट्रक सरकला नाही. सेवकनं पाहिलं, तर भाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला. त्यानं हॉर्न दिला. त्याच्या मागच्यांनीही दिला. मग सेवक खाली उतरला आणि शिव्या देत पुढे गेला. "झोपाचं हाये तं दुपट्टा बांध ना लेका!"

दुपट्टा खांद्यावर होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. सेवक मात्र जो भेटेल त्याला तेच सांगत राहिला, "दुपट्टा बांधला नव्हता जी, म्हनून हॉर्न देल्ला. बांधला असता तं मी देल्ला असता का?"

*

तेरवी झाली. शेठनं सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. मीही होतो.

"मारोतीचा आराम उरला हाये. मी शब्द देल्ला होता, बुडनार नाही म्हनून. ज्याले पायजे त्यानं घ्या."

कुणी पुढे आलं नाही. ज्यांच्या घरची बाळंतपणं भावानं निभावली होती, ते खाली पाहत राहिले.

"काहून? जितेपनी तं मागून मागून घेत होते ना?"

डोमाजी म्हणाला, "शेठ, मेलेल्या मानसाच्या झोपेत जाऊन काय पाहाचं जी?"

शेठ अडला. शब्द तर दिलेला. घेणारा कुणी नाही. शेवटी त्यानं मला विचारलं, "गुरुजी, तुमीच सांगा. बुडाला म्हनू का मंग?"

मी दिघोरीला गेलो आणि वहिनीला सगळं सांगितलं. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "लोकाले कायले द्याचा? त्यायचा हाये, त्यायलेच द्या."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर तुमसरला आली. भावाचा दुपट्टा तिनं घडी करून सोबत आणला होता. त्याचा ट्रक निंबाजवळ उभा होता. कुणी चालवायला घेतला नव्हता. इतक्या वर्षांत वहिनी त्या कॅबिनमध्ये कधी चढली नव्हती. फागू मिस्त्रीनं पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. ती वर चढली. दुपट्टा स्टिअरिंगला बांधताना आम्ही तिला पाहिलं. मग तिनं दार ओढून घेतलं.

शेठनं मुनिमाला पाठवून भोंगा बंद ठेवायला सांगितलं. मिल सुरू झाल्यापासून दुपारचा भोंगा चुकलेला कुणाला आठवत नव्हता.

आम्ही निंबाखाली बसलो. डोमाजी, सेवक, फागू, मी. कुणी बिडी पेटवली नाही. टपावर ऊन तापत होतं. काचेवर निंबाची सावली पडली होती, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. एकदा ट्रक जरासा हलला, कुणी आत अंग टाकल्यावर हलावा तसा. सेवकनं माझा दंड धरला.

सावली पलीकडे सरकली तेव्हा दार उघडलं. वहिनी खाली उतरली. तिनं ते दार दोन्ही हातांनी धरून, अजिबात न वाजवता, हळूच लावलं.

मी पुढे झालो. "वहिनी, झोप लागली का?"

"मी कायले झोपू, भाऊजी?"

तेवढ्यात शेठ ऑफिसातून आला आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काय झालं गुरुजी?"

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला जी. आत्ताच डोळा लागला त्यायचा."

शेठ जागच्या जागी थांबला. त्यानं कॅबिनकडे पाहिलं. मग वाकून पायातल्या वहाणा काढल्या, हातात घेतल्या, आणि तापलेल्या जमिनीवरून, पाय न वाजवता, ऑफिसात परत गेला.