अकरावीची उगवण चाचणी

रामराव ताथोडानं न तपासता घरात आणलेली एकच गोष्ट हिवरखेडच्या लोकांना ठाऊक आहे, ती म्हणजे त्याची बायको सुभद्रा. तेव्हा त्याचा बाप जिता होता. लग्न बापानं ठरवलं, अन् चाचणीचा अधिकार रामरावाच्या हाती आलेला नव्हता. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत मात्र त्याच्या उंबऱ्यावरून काही सरळ आत गेलेलं नाही. छत्री घेतली तर दुकानदाराच्याच नळाखाली उघडून धरणार. माचिस घेतली तर तिथंच तीन काड्या ओढणार. धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणा आला तर त्याला दोन दिवस ठेवून घेतलं, भर उन्हात वावरात नेलं अन् विहिरीवर उभं केलं. पाहुण्यानं स्वतः प्यायच्या आधी बैलासमोर बादली ठेवली. रामराव घरी येऊन म्हणाला, "पोरगा पक्का हाये, साखर वाटा." ते जावई आजही बैल दिसला की मिशीत हसतात.

पण त्याचं खरं नाव झालं सोयाबीनच्या उगवण चाचणीनं. पेरणीआधी ती चाचणी थोडीफार सगळेच करतात, रामराव पूजेसारखी करतो. थैलीच्या तळातून, मधातून, वरून मूठ मूठ काढायची अन् शंभर दाणे मोजायचे. ओलं गोणपाट अंथरून त्यावर दहा दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची. ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं, सातव्या दिवशी उघडायची. सत्तर कोंब आले तर बिनघोर पेरा. थोडे कमी आले तर बियाणं वाढवून पेरा. साठच्या खाली गेले तर थैली वापस. अन् शेजारी घरच्या बियाण्याची एक गुंडाळी ठेवायचीच. घरचं उगवलं अन् विकतचं झोपलं, तर दोष पाण्याचा नाही, गोणपाटाचा नाही, बियाण्याचाच, हे कळावं म्हणून.

सुभद्राचा भाऊ देवीदास अकोल्यात बियाण्याचं दुकान चालवतो. तीन वर्षांमागं त्यानं मोठ्या प्रेमानं बहिणीच्या घरी दोन थैल्या आणून टाकल्या. उगवण निघाली अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी देवीदास चौकात चहा पीत होता, तिथंच रामरावानं त्याच्या पायाशी दोन्ही थैल्या ठेवल्या.

"भाऊजी, चार लोकांत?" देवीदास कानकोंडा झाला.

"साळा असो का साहेब, अठ्ठेचाळीस म्हंजे अठ्ठेचाळीस!"

सुभद्रा पुढं महिनाभर नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. ताटात भाकर अशी टाकायची की वरणाचा शिंतोडा रामरावाच्या सदऱ्यावर उडायचा.

तर असा हा रामराव यंदा फसला. त्याची एकुलती एक पोरगी प्रणाली दहावीत शहाऐंशी टक्के घेऊन पास झाली. निकाल कळल्यावर चहाच्या टपरीवर बंडूनं विचारलं, "रामभाऊ, आता पोरीचं काय?" अन् रामरावाच्या तोंडून निघून गेलं, "डाक्टर!" एकदा शब्द सुटला की गावात तो सुटलेल्या वळूसारखा हिंडतो. संध्याकाळपर्यंत मैनाबाई आपला गुडघा घेऊन प्रणालीपुढं बसली होती. "दाखवून ठेवतो बाई आतापासून, मंग तुया दवाखान्यात गर्दी होईन."

देवीदासचा फोन आला. "भाऊजी, भाचीसाठी क्लासमधे जागा धरून ठेवली, होस्टेलात खोली बी पाह्यली. तुमी फक्त अकरावी सायन्सचा फॉर्म भरा. बाकीचं माह्याकडे."

प्रणालीला कोणी विचारलं की ती म्हणायची, "पाहू ना." तिच्या वर्गातल्या साऱ्या हुशार पोरी सायन्सला चालल्या होत्या. मोटारीत सगळे बसले की आपणही बसतो, तशी ती बसली होती.

एका दुपारी रामराव पडवीत उकिडवा बसून गोणपाटावर पाणी शिंपडत होता. शिंपडता शिंपडता हात थांबला. एका हंगामाची थैली आपण सात दिवस तपासतो, अन् पोरीची दोन वर्षं, त्यामागची सारी जिंदगी, टपरीवरच्या एका शब्दावर पेरून राहिलो? तो तसाच ओल्या हातानं उठला अन् गावातल्या देवानंद सरांकडे गेला. सर मागच्याच साली शाळेतून रिटायर झाले होते आणि दुपारी वेळ जात नाही म्हणून बायकोच्या शिव्या खात होते.

"सर, पोट्टीची उगवन पाहाची हाये."

"कोनाची?"

"प्रनालीची. सायन्समधे उगवते का नाही. तुमी एकेक धडा शिकवा, अकरावीचा. मंग सात दिवस पुस्तक बंद. आठव्या दिवशी शंभर प्रश्न. जेवढे आले तेवढी टक्के उगवन."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "रामभाऊ, तीस वर्षं मास्तरकी केली, पन असा बह्याड बाप नाही पाह्यला. पन हे आमी काहून नाही केलं, थेच समजून नाही राहिलं. शंभर मात्र नाही. माया हात मोडते लिहून लिहून. पंचवीस."

"पंचवीस गुनिले चार. चालते."

शेजारची वर्षाली नुकतीच बारावी सायन्स झाली होती. तिनं अकरावीच्या पुस्तकांचा गठ्ठा आणून दिला. त्यात तिच्या आर्ट शिकलेल्या वहिनीचं भूगोलाचं पुस्तक चुकून आलं होतं. सरांनी फिजिक्स अन् बायोलॉजी घेतलं, भूगोल बाजूला ठेवला. रामरावानं तो उचलून परत वर ठेवला.

"हे कायले?" सरांनी विचारलं.

"घरचं बियानं संगं ठेवाच लागते, सर. भूगोल काय, कोनाले बी येते. थो उगवला अन् बाकीचं नाही उगवलं, तं समजाचं का पोट्टीचं डोकं चांगलं हाये, खोट बियान्यात हाये."

सुभद्रा आतून कांदा चिरता चिरता ऐकत होती. तिनं हे वाक्य पदराच्या गाठीत बांधल्यासारखं मनात ठेवून दिलं.

सहा दिवस सरांनी शिकवलं. मग पुस्तकं लोखंडी पेटीत गेली, किल्ली रामरावाच्या करदोट्याला. त्या आठवड्यात प्रणाली भाकरी घेऊन वावरात यायची अन् परत जाताना नाल्यात उतरायची. नाल्याचा काठ पावसानं सरळ कापला गेला होता. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर, त्याच्या खाली गोटे अन् वाळू. ती तिथं बसून बोटानं थर उकरत राहायची.

"काय हारपलं वं?" रामरावानं वरून हाक दिली.

"काही नाही बाबा, पाहून राहिली."

"नाल्यात काय पाहाचं?"

"हे गोटे सातपुड्यातले हायेत. इतल्या दूर कसे आले, थे पाहून राहिली."

रामराव मनाशी म्हणाला, डॉक्टर झाल्यावर हे खूळ जाईल.

आठव्या दिवशी सकाळी अंगणात बाज टाकली. सर बाजेवर, प्रणाली समोर, सुभद्रा बाजूला सुपात दाळ निवडत. रामरावानं तीन ताटल्या मांडल्या अन् हातात सोयाबीनची मूठ घेतली. बरोबर उत्तराला एक दाणा.

फिजिक्सच्या ताटलीत दाणे असे पडत होते जसा उन्हाळ्यात नळाला थेंब येतो. प्रणाली डोळे मिटून आठवायची, ओठ हलवायची, घामेघूम व्हायची. पंचवीसमधे नऊ. बायोलॉजीत जरा जीव होता. चौदा. सरांनी भूगोल सुरू केला तसा रामराव पाठ टेकून बसला, ही तर नुसती घरच्या बियाण्याची गुंडाळी. पण पोरगी सर प्रश्न संपवायच्या आधी बोलू लागली. दाणे टाकता टाकता रामरावाची मूठ संपली, सुभद्रानं सुपातले तुरीचे दिले. तेवीस. अन् चुकलेल्या दोनांपैकी एकावर ती सरांशीच भांडली.

सर हलकेच म्हणाले, "छत्तीस. छप्पन. ब्यान्नव."

रामरावानं ताटल्यांकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग पोरीकडे.

"तू मुद्दाम तं नाही केलं?"

"बाबा, दाना कधी मुद्दाम झोपते काय?" प्रणालीचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "सगळ्यात जास्त मेहनत मी फिजिक्सलेच घेतली."

"मंग गोनपाट कोरडं पडलं असन," रामराव पुटपुटला. "सर, एक डाव अजून घेऊ. दुसरा धडा."

आता सुभद्रानं सूप खाली ठेवलं. "अवो प्रनालीचे बाबा, दुसरा डाव? माया भावाच्या थैलीले देल्ला होता काय दुसरा डाव?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? चौकात नेऊन पायाशी ठेवल्या तुमी. साळा असो का साहेब म्हने. आता पोरगी असो का डाक्टर म्हना की! अन् थे घरचं बियानं संगं ठेवा म्हननारे कोन होते? शेजारचे देवमनबुवा काय?"

सरांनी खोकला आल्यासारखं करून तोंडावर रुमाल धरला.

रामराव उठून वावरात गेला. पुढचे दोन दिवस तो टपरीवर फिरकला नाही, कारण बंडू विचारणार, "डाक्टरीनबाई कधी जाऊन राहिल्या अकोल्याले?" त्याला काय सांगायचं? तिसऱ्या दिवशी सोयाबीनच्या दुसऱ्या थैलीची गुंडाळी उघडायची होती. त्यानं मोजली. त्र्याऐंशी. पण हात दाण्यावर अन् मन ताटलीवर. छत्तीसची थैली कोणी कितीही चांगल्या कागदात बांधून आणली असती, देवानं स्वतः आणली असती, तरी आपण पेरली असती काय? तो संध्याकाळी परत सरांकडे गेला अन् दारातच उभ्यानं विचारलं, "भूगोल घेऊन बारावीच्या पुढं काय? नकाशे विकाचे काय?"

"पुढं बरंच हाये," सर म्हणाले. "माती-पान्याचा सर्व्हे, उपग्रहाच्या फोटोवरून कंप्युटरवर नकाशे, हवामान. अमरावतीले शिकाची सोय हाये. पन नोकरीची ग्यारंटी मी देत नाही."

"ग्यारंटी मागूनच नाही राहिलो. उगवलेल्याच्या पिकाची गोठ करता येते सर, न उगवलेल्याची काय करता?" अन् हे आपण स्वतःलाच सांगून राहिलो हे त्याच्या लक्षात आलं.

शनिवार फॉर्मचा शेवटचा दिवस. चौकात सागरचं ऑनलाइन केंद्र आहे, एक कंप्युटर अन् चार खुर्च्या. रामराव, सुभद्रा अन् प्रणाली तिथं पोचले तर देवीदास आधीच हजर. अकोल्याहून मुद्दाम आला होता, सोबत पेढ्यांचा डबा.

"टाक रे सागर, सायन्स," देवीदासनं फर्मावलं.

"आर्ट टाक," रामराव म्हणाला.

सागरचा हात अधांतरी राहिला. देवीदासनं भाऊजीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "आर्ट? शहाऐंशी टक्क्यावर आर्ट? भाऊजी, ऊन लागलं काय?"

"चाचनी घेतली. सायन्सची उगवन साठच्या खाली. भूगोलाची ब्यान्नव." रामरावानं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की समोरच्या टपरीवर बंडूची किटली थांबली. "थैली वापस."

देवीदासच्या चेहऱ्यावर तीन वर्षं दाबून ठेवलेलं हसू फुटलं. "म्हंजे घरची बी वापस? भर चौकात?"

"भर चौकात."

"आक्का, आता मले झोप लागीन वो!" देवीदासनं मांडीवर थाप मारली. मग जरा सावरून भाचीकडे वळला. "पन पोरी, भूगोल शिकून करशीन काय? आता आपल्या गावच्या वावरात मी तिसरा बोर मारून राहिलो. दोन मारले, दोन्ही खारे. तुया नकाशानं पानी गोड होईन काय?"

देवीदासचं अन् सुभद्राचं गाव पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. रामरावानं बावीस वर्षं सासुरवाडीचा खारट चहा तोंड वाकडं न करता प्यायला होता. तिथली माणसं सांगत, कोण्या काळी साधूला पाणी नाकारलं म्हणून शाप लागला.

"साधूचं काही नाही मामा," प्रणाली म्हणाली. "आपल्या हिवरखेडले सातपुड्याच्या पायथ्याचे गोटे-वाळू हायेत, पानी वाहतं राह्यते. तुमच्याकडे खाली चिकन गाळ हाये, निचरा नाही, क्षार अडकून बसले. जितकं खाली जासान तितकं खारं. पानी गोड नाही होनार, पन तिसरा बोर तं वाचीन. त्यापेक्षा शेततळं खांदा."

देवीदासचं तोंड उघडं राहिलं. "अन् मी तं यावेळी दुप्पट खोल जातो म्हनत होतो."

रामराव खुर्चीत जरा ताठ बसला, अन् बंडू ऐकतो आहे ना, हे मान वळवून पाहून घेतलं.

"काका, लॉक करू?" सागरनं विचारलं. "एकदा लॉक केलं का मंग बदलत नाही."

रामरावानं पोरीकडे पाहिलं. या खेपेला ती "पाहू ना" म्हणाली नाही. म्हणाली, "कर दादा."

सागरनं बटन दाबलं. देवीदासनं पेढ्यांचा डबा उघडला. डॉक्टरसाठी आणले होते, भूगोलाला चालले. बंडू टपरीवरून हात पुसत आला, एक पेढा उचलून म्हणाला, "मंग रामभाऊ, मैनाबाईच्या गुडघ्याचं काय?"

"थो अमरावतीच्या डाक्टरले दाखव म्हना," रामराव म्हणाला अन् सागरकडे वळला. "झालं ना सगळं?"

"इथलं झालं. भूगोलासंगं बाकीचे विषय कालेजात निवडा लागतीन. इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, असे लय हायेत. अजून पंधरा दिवस हायेत त्याले."

रामरावानं बोटांवर हिशेब केला. पंधरा दिवस. शिकवायला आठ, गोणपाटाला सात. त्यानं खुर्चीवरून उठता उठता विचारलं, "प्रनाली, देवानंद सर घरी असतीन काय आता?"

"बाप्पा!" सुभद्रानं कपाळाला हात लावला. देवीदास पेढा गिळायच्या आधीच हसत सुटला, अन् प्रणाली बापाच्या आधी दाराबाहेर पडून सरांच्या घराच्या वाटेला लागली.