स्नानसंस्काराचा धडा

टेम्पोत सगळ्यात शेवटी माझं शिलाई मशीन चढलं आणि मग वसईच्या घरात न्यायचं असं काही उरलं नाही. आई अंगणात उभी होती. तिने सुक्या बोंबलांचा पुडा पिशवीत पिशवी घालून बांधला होता. मी म्हटलं, "अगं, रेल्वेच्या डब्यात वास सुटेल." ती म्हणाली, "सुटू दे. त्या वासानं तरी कोणी ओळखीचं भेटेल." टेम्पो सुरू झाल्यावर पपा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "आपण कोण ते लपवायचं नाही आणि मिरवायचंही नाही."

टेम्पोने मला कल्याणला सोडलं आणि सामान घेऊन तो पुढे गेला. कल्याणहून रेल्वे, चाळीसगावला बदलून धुळ्याची दुसरी गाडी. बोंबलांच्या वासाने कोणी ओळखीचं भेटलं नाही. समोरच्या बाईने मात्र नाकाला पदर लावला आणि मी पुडा सीटखाली पायाने आत ढकलला. माझ्या भीतीची सुरुवात तिथलीच असावी.

वसईत राहिलेल्यांनो, तुम्हाला हे समजावून सांगणं कठीण आहे. तुमच्या गल्लीत प्रत्येक दारावर क्रूस आहे, संध्याकाळी घंटा वाजली की रस्त्यातला माणूसही थांबतो. आपण कोण, हे तिथे कोणी विचारत नाही. आणि जे माझ्यासारखे निघालात, दुबईला, कॅनडाला, तुम्हाला परकं वाटणं निदान अपेक्षित तरी होतं. मी तर माझ्याच राज्यात, माझीच भाषा बोलत आले होते. तरी पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी कौतुकाने विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं चांगलं कसं येतं?"

विल्सनला, माझ्या नवऱ्याला, धुळ्याजवळ नरडाण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. आम्ही धुळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल भाड्याने घेतला. खाली घरमालक नाना, त्यांची बायको आणि त्यांच्या दुपारच्या झोपा. चर्च शहराच्या दुसऱ्या टोकाला. फादर मूळचे मंगळूरकडचे, पण साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांत त्यांची इतकी वर्षं गेली होती की त्यांच्या मराठीत अहिराणी मिसळली होती. मी वसईला धर्मशिक्षण शिकवायचे हे कळताच ते म्हणाले, "तुमच्या बाजूची पोरं इतक्या लांब येत नाहीत. तुम्ही घ्या वर्ग. तुमच्या हॉलमध्ये, रविवारी."

मुलं मोजकीच. केरळच्या नर्सची जुळी मुलं, रेल्वेतल्या एका कुटुंबातली भावंडं, आणि साक्रीकडून आलेली रोशनी. तिची आई एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. गुरुवारी दुपारी मी धडा तयार करायला बसायचे. वसईहून आणलेली पुस्तकं पुढ्यात असायची, पण त्यातली उदाहरणं इथे चालेनात. येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला सांगितला तेव्हा बी वाटेवर पडलं, खडकावर पडलं, काट्यांत पडलं, असं मी रंगवून सांगत होते. रोशनीने हात वर केला. "टीचर, हा माणूस बी असं कुठंही का फेकतो? माझा मामा तर सरकी एकेक टोबतो." त्यावर आम्ही सगळे इतके हसलो की खालून नानांनी काठीने छत ठोकलं. उत्तर आलं की मी लिमलेटची गोळी द्यायचे. रोशनीला प्रश्न विचारल्याबद्दलही दिली.

त्या वर्षी मला धुळं थोडं थोडं आपलं वाटू लागलं होतं. मग एका शुक्रवारी नाना जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. दाराच्या आत पाऊल न टाकता म्हणाले, "ताई, दोन जण फटफटीवर आलथात. इचारी राह्यनात, आठे पोरे कसाले जमतस? काय शिकाडतस?" मी विचारलं, "मुलं इथे कशाला जमतात, यावर तुम्ही काय सांगितलं?" "सांगं, माले नही माहीत. रविवारले आमी येतस, पाहतस, असं बोलीसन गयात."

ते गेल्यावर मी गॅस बंद केला. कुकरची शिट्टी झाली होती की नव्हती, आठवत नाही. टेबलावर आदल्या दिवशी तयार केलेला धडा पडला होता. चार्ट पेपरवर मी निळ्या स्केचपेनने पाणी काढलं होतं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, स्नानसंस्कार. म्हणजे बाप्तिस्मा. सगळ्या वर्षाच्या धड्यांतून नेमका तोच त्या रविवारी यायचा होता. मी तो कागद गुंडाळला आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवला. आपल्याच घरात, आपल्याच हाताने रंगवलेलं पाणी मी चोरीच्या मालासारखं लपवलं.

विल्सन शिफ्टवरून आला आणि सगळं ऐकून म्हणाला, "बंद कर वर्ग. मी रोज नरडाण्याला जातो, तू दिवसभर एकटी असतेस." फादरना फोन केला. ते म्हणाले, "सगळ्या मुलांचा स्नानसंस्कार तान्हेपणीच झालाय. त्यांचे आईबाप त्यांना स्वतः पाठवतात. आपण काही चुकीचं करत नाही. पण भीती काय असते ते मला माहीत आहे. तुम्ही ठरवा." आईला फोन करायला नको होता, पण केला. ती एकदम म्हणाली, "बॅग भर नि इकडे निघून ये. थोडे दिवस." तिचं 'थोडे दिवस' ऐकताच मला रडू आलं, कारण गेले तर परतणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

शनिवारी मी दुसरा धडा बसवून पाहिला. खरं बोलावं, आईवडिलांचं ऐकावं, असा, कोणीही ऐकला तरी चालेल असा. पण तो वाचताना माझीच मला लाज वाटली आणि भीतीही कमी होईना. सगळ्या पालकांना फोन करून काय झालं ते सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या, "या वेळी नको पाठवत, सॉरी." रेल्वेतल्या घरी फोन उचलला नाही. रोशनीच्या आईने विचारलं, "तुम्ही घेणार ना वर्ग?" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

रविवारी विल्सन शिफ्टवर होता; रोशनी आणि तिची आई, दोघीच आल्या. मी कपाटातून चार्ट काढून भिंतीला लावला. चिकटपट्टी बोटांना चिकटत राहिली. रोशनीला विचारलं, "तुझं नाव कोणी ठेवलं?" ती म्हणाली, "आजीनं." तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबली.

दोघे वर आले. विशीतली मुलं होती ती, एकाच्या हातात मोबाइल आमच्याकडे रोखलेला. त्यांनी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. त्यामुळेच मी जास्त घाबरले. मोबाइलवाल्याने खाली वाकून रोशनीला गोड आवाजात विचारलं, "बाळ, इथे आल्यावर तुला काय देतात?"

रोशनी म्हणाली, "गोळी."

त्या मोबाइलमध्ये आता काय गेलं, ते मला एकदम दिसलं. आमिष. मुलांना आमिष.

"पण उत्तर आलं तरच," रोशनी पुढे म्हणाली. "आज अजून नाही दिली."

तिची आई उठली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "ती माझी मुलगी आहे. मी आणलंय तिला. माझी आईसुद्धा ख्रिस्ती होती. काय विचारायचं ते मला विचारा." जिन्यात नाना येऊन उभे होते. ते त्या मुलांना म्हणाले, "पाहं ना आते? माय आठेच बठेल शे. चला खाले." त्यात दरारा नव्हता, थोडी विनवणीच होती. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. जाताना एकजण म्हणाला, "व्हिडिओ आहे आमच्याकडे." आणि गेले.

मी धडा पुरा केला. काय बोलले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा वर आले. "ताई, घर खाली करा असं मी सांगस नही. पण वर्ग आठे नको. मनं वय व्हयनं." मी "बरं" म्हटलं. मला त्यांचा राग आला नाही; ते माझ्याइतकेच घाबरलेले होते आणि तरी जिना चढले होते. तो व्हिडिओ फिरेल म्हणून मी कित्येक आठवडे व्हॉट्सॲप उघडताना श्वास रोखायचे. तो कुठे आला नाही. पुसला की अजून आहे, कोणास ठाऊक.

वर्ग आता रोशनीच्या घरी भरतो. जुळी मुलं परत आली, रेल्वेतली नाही आली. गुरुवारी धडा तयार करताना प्रत्येक वाक्य मी दोनदा वाचते, एकदा मुलांसाठी आणि एकदा दाराबाहेरच्या माणसासाठी. गोळ्या बंद केल्या. जुळ्यांपैकी धाकटीने विचारलं, "टीचर, आमचं उत्तर चुकलं का?" तिला काय सांगू?

मध्ये वसईला सणाला गेले होते. आईने माझी खोली तशीच ठेवली आहे. रात्रीच्या जेवणाला ताजे बोंबील होते आणि मी खरंच पोटभर जेवले. निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "राहा ना आता. विल्सनला इकडे नोकरी मिळेल." मी म्हटलं, "रविवारचा धडा तयार नाहीये." तिला ते कारण वाटलंच नाही. मलाही बोलल्यावर कळलं की ते कारण आहे. तुम्ही मला भित्री समजता की हट्टी, माहीत नाही. मी दोन्ही आहे.

गेल्या रविवारी वादळाची गोष्ट होती. येशूचे शिष्य होडीत आहेत, वारा उठतो, लाटा आत येतात. रोशनीने समुद्र पाहिलेला नाही, पण होडीतली माणसं किती घाबरली होती ते सांगायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. वादळ शांत झालं, असं सांगून मी थांबले. रोशनीने विचारलं, "मग ते घरी गेले?"

"नाही," मी म्हटलं. "पलीकडच्या काठाला उतरले."

"तिथं त्यांचं कोण होतं?"

"कोणी नव्हतं," मी म्हटलं. "पण त्यांना तिथेच जायचं होतं."