खुंटीवरचा दोडका

नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीची अर्धी अंगणं रुंद रस्त्यात जाणार, हे ठरवताना आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. सरकारी माणसं आली आणि दारोदार मोजणीच्या खुंट्या ठोकून गेली. मी सायक्लोस्टाइल पत्रकं वाटली, कोपऱ्यावर सभा घेतली. शेजारचे काका मात्र माघाच्या उन्हात दोडक्याचं बी टोचत होते. कचेरीच्या कपड्यांतच ते वाफ्यापाशी उकिडवे बसत, बोटाने माती चाचपत, आणि काही विचारलं तर आधी खाकरत.

फाल्गुनात आम्ही ठरवलं, सगळ्या खुंट्या उपटायच्या. काकांच्या अंगणातल्या खुंटीला मी हात घातला, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. खुंटीपासून खिडकीपर्यंत सुतळी ताणलेली होती आणि तिच्यावर कोवळा वेल.

"हात काढ गा बाबू. वेल चढून राहिला ना."

"काका, अंगण चाललं तुमचं! अन् तुमी दोडके पाहून राहिले?"

ते खाकरले. "तू ओरडून राहिला, तं थांबले काय ते? मंग मी काहून थांबू?"

भित्रे आहात, असं मी तोंडावर म्हणालो. त्यांनी मनगट सोडलं नाही.

बाकीच्या खुंट्या आम्ही उपटल्या. आता गल्लीत तेवढी एकच उभी होती. ती माणसं परत आली की मोजणी तुमच्याच दारापासून सुरू करतील, असं मी काकांना बजावलं.

त्यांनी डब्यातलं थोडं पाणी वेलाच्या मुळाशी ओतलं.

"मंग तू रोज इथंच उभा राह्य गा," म्हणाले, आणि पाण्याचा डबा माझ्या हातात दिला.