भाकरीचं कॉस्ट शीट

सेकंड इयर बी.कॉम.ला मॅनेजमेंट अकाउंटिंग हा विषय लागला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण हुशार आहोत. तेवढं वाटलं नसतं तर बरं झालं असतं.

पनवेलच्या ज्या कॉलेजात मी होते, तिथे मराठी शाळेतून आलेल्या मुलींच्या वाट्याला मागचे बाक यायचे. कोणी नेमून दिलेले नव्हते, आपोआप मिळायचे. पुस्तक इंग्रजी, सर अर्धे हिंदी आणि वर्ग सगळा मोबाइलमध्ये. सर तासिका तत्त्वावरचे. इथला तास संपला की कामोठ्याला क्लास घ्यायला पळायचे, त्यामुळे कोणी शंका विचारली की आधी घड्याळ बघायचे. पण या विषयाला इंग्रजी फारसं लागत नाही. एका वस्तूला माल किती लागला, मजुरी किती लागली आणि वरखर्चातला तिचा वाटा किती, एवढं मांडायचं. खाली उत्तर येतं, एक नग केवढ्याला पडला. मी हॉटेलवाल्याची पोर. बाकीचे 'ओव्हरहेड म्हणजे वरखर्च' असं पाठ करत बसले होते, मला तो शब्द वाचताक्षणी आमच्या मॅनेजरचं तोंड दिसलं.

सरांनी वीस मार्कांचा प्रोजेक्ट दिला. ओळखीच्या एखाद्या धंद्यातली एक वस्तू घ्या आणि तिचं कॉस्ट शीट बनवा. वर्गात साठजण, पण सीनियरकडून आलेली बेकरीची फाइल एकच. तीच फिरत राहिली आणि सगळ्यांच्या बेकऱ्यांत पाव एकाच किमतीला पडला. मी मात्र खरं करायला गेले. दीडशहाणी होते ना.

आमचं हॉटेल पळस्प्याला, गोव्याचा रस्ता फुटतो तिथून जरा पुढे. जागा भाड्याची, पण नाव मोठं. कारण काय, तर तांदळाची भाकरी. ती भाकरी करायची माझी आत्या, बाबांची थोरली बहीण; बाबा तिला 'बाय' म्हणायचे. नवरा गेल्यावर तिनं हॉटेलच्या बाजूच्या पडवीत चूल मांडली आणि पंधरा वर्षं तिथून हलली नाही. दिवसाला दोनशे भाकऱ्या. बाबा तिला रोजचे चारशे रुपये द्यायचे. ती ते कमरेच्या पिशवीत ठेवून संध्याकाळी कामोठ्याच्या जुन्या गावात आपल्या घरी जायची. त्या चारशे रुपयांमुळे घरात सून तिला चहा न मागता द्यायची. हे आत्यानंच मला हसत हसत सांगितलं होतं.

मी भाकरी घेतली. पीठ पाच रुपये, लाकूड एक रुपया, आत्याची मजुरी दोन. मग पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वरखर्च वाटला. जागेचं भाडं, वीज, मॅनेजरचा पगार, पाटीची रंगरंगोटी, सगळं. कोणावर किती टाकायचं, तर ज्यानं जेवढी जागा अडवली तेवढं. मी टेप घेऊन पडवी मोजली. आत्यानं टेपचं दुसरं टोक धरलं होतं. वरखर्चाचे भाकरीमागे नऊ रुपये निघाले. एकूण सतरा. आणि तशीच भाकरी कामोठ्याचा एक पुरवठादार आसपासच्या हॉटेलांना आणून द्यायचा बारा रुपयांना. शेवटच्या पानावर 'सूचना' असं ठळक लिहून मी खाली लिहिलं: भाकरी घरी करणं तोट्याचं आहे, बाहेरून घ्यावी.

वीसपैकी अठरा मिळाले. बेकरीवाल्यांनाही पंधरा मिळाले म्हणा. पण मी फाइल घेऊन थेट हॉटेलात गेले आणि बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती कधी नव्हे इतक्या शांतपणे पाहिली. मग आत्याला हाक मारली आणि मला म्हणाले, "सांग तिला. तू काढलंस, तूच सांग."

मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. पिठाचे हात तसेच घेऊन आत्या उभी होती. "सतरा?" ती म्हणाली. मग बोटं मोजायला लागली. "पीठ पाच, लाकूड एक, मना दोन. आठ झालं. बाकीचं नऊ काय मी खाल्लं?"

"आत्या, ते ओव्हरहेड असतं. ते तुला नाही कळायचं."

ती बाबांकडे बघत राहिली. बाबा गल्ल्यातल्या नोटा सरळ करत होते. "पोर शिकलेली हाय, बाय," ते म्हणाले. "कागदावर दिसतंय तर काय कराचं?" आत्या हात धुऊन, परात पालथी घालून गेली. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या टेंपोतून यायला लागल्या, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या. महिन्याभरात पडवी बंद करून तिथे काचा लागल्या, ए.सी. बसला आणि बाहेर 'फॅमिली सेक्शन' अशी पाटी आली.

आत्या घरी बसली. नंतर कळलं की ती किलोवर लसूण सोलायला आणते. चहाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

पुढच्या सेमिस्टरला त्याच विषयाचा दुसरा भाग आला. एका सकाळी सर हजेरी घेता घेताच उतरवून देत होते: एखादी वस्तू बंद करायची की चालू ठेवायची हे ठरवताना, ती बंद केली तरी जो खर्च जात नाही, तो धरायचा नाही. भाडं राहणार, मॅनेजरचा पगार राहणार. वस्तूवर टाकलेला त्यांचा वाटा वस्तूबरोबर निघून जात नाही, तो उरलेल्या वस्तूंवर जाऊन बसतो. म्हणून फक्त वाचणारा खर्च बघायचा.

पीठ पाच, लाकूड एक, मजुरी दोन. आठ.

बाक मागचा होता म्हणून माझं तोंड कोणाला दिसलं नाही. आठाची भाकरी बंद करून मी बारा रुपयांची घ्यायला लावली होती. रोज दोनशे, म्हणजे रोजचा आठशेचा खड्डा. आणि हे अख्खं प्रकरण, ज्याला पुस्तकात तीस पानं लागली, ते माझ्या आत्यानं पिठाच्या बोटांवर उभ्या उभ्या सोडवलं होतं. मी तिला कळायचं नाही म्हणून गप्प केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तास संपल्यावर सरांना जिन्यात गाठलं. "सर, मग माझा प्रोजेक्ट चुकला की."

"कौनसा? तो गेल्या सेमचा?" घड्याळ बघत सर म्हणाले. "त्या सिलॅबसप्रमाणे बरोबर आहे."

मी नवीन शीट केलं, सुबक, लाल शाईनं रेघा मारून. आता सगळं ठीक होईल असं मला खरंच वाटत होतं. चूक सापडली आहे, बाबांना पैसा कळतो, आत्या परत येईल. हॉटेलात जाऊन त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि घाईघाईनं समजावू लागले. त्यांनी दुसरी ओळसुद्धा पुरी होऊ दिली नाही.

"म्हाईत हाय मना."

"काय माहीत आहे?"

"पंचवीस वरसं गल्ल्यावर बसतंय मी. भाकरी केवढ्याला परते त्ये मना नाय कलनार?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "फ्यामिलीची गिऱ्हाइकं चूल बघून, धूर बघून नाकं मुरडायची. मना ए.सी. कराचा व्हता. पन बायला कुठल्या तोंडान सांगू, तू जा म्हनून? तिनं मना कडेवर खेलवलाय. तुजा कागद बरा गावला."

माझ्या खांद्यावर बंदूक ठेवली होती आणि ती मीच पुसूनबिसून, भरून आणून दिली होती. "तूच सांग तिला" हे ते का म्हणाले होते, तेही तेव्हाच कळलं. मी ओरडले, काय काय बोलले ते आठवत नाही. मॅनेजर बाहेर निघून गेला. बाबा एवढंच म्हणाले, "हलू बोल, गिऱ्हाईक हाय."

कागद घेऊन मी आत्याकडे गेले. ती ओट्यावर लसणाच्या ढिगापुढे बसली होती. मी सगळं सांगितलं, म्हणजे हिशोबापुरतं. तिनं कागद हातात घेतला नाही, पण ऐकलं नीट.

"म्हंजे माजा हिशोब बरोबर व्हता?"

"बरोबर होता."

"मी तोट्यात नव्हतू?"

"नव्हतीस गं. एक दिवससुद्धा नाही."

तिचे डोळे भरून आले. मग पदरानं पुसून तिनं विचारलं, "मंग माज्या भावसाला कसा नाय कलला?"

खरं माझ्या ओठांवर होतं आणि रागही पोटभर होता. ते बोलून टाकलं असतं तर मी मोकळी झाले असते. पण मी तिच्याकडे बघितलं. नवरा नाही, काम नाही, सून अशी. तिच्याजवळ एक भाऊ उरला होता.

"त्यांना काय कळतंय?" मी म्हटलं. "मी सांगितलं, त्यांनी विश्वास ठेवला."

"म्हंजे चूक तुजी."

"माझीच."

तिनं मान हलवली आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला. मी निघाले तरी तिनं वर पाहिलं नाही. त्या सेमिस्टरच्या पेपरात हाच प्रश्न आला होता, दहा मार्कांचा. मी आत्याच्या पद्धतीनं सोडवला आणि मला पैकीच्या पैकी मिळाले.

भाऊबीजेला आत्या घरी आली. मला वाटलं होतं येणार नाही. तिनं पाट मांडला, बाबांना कुंकू लावलं, ओवाळलं. बाबांनी ताटात पाकीट टाकलं, नेहमीपेक्षा जाड. मी दारात उभी होते. आत्यानं माझ्याकडे बघून बाबांना मोठ्यानं सांगितलं, "तुजा काय दोस नाय रं. पोरीनं फसवला तुला."

आता तरी ते बोलतील, म्हणून मी बाबांकडे बघत राहिले. निदान मान खाली घालतील.

त्यांनी आत्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "जाऊ दे बाय. पोर हाय. माफ कर तिला."