दारावर आलेला टीव्हीवाला

आबांनी टीव्ही घेतला आणि तो भिंतीवर चढायच्या आत ते गेले. आबा म्हणजे माझे वडील. जुना टीव्ही चांगला चालत होता, पण बातम्यांखालून पळणारी पट्टी त्यांना वाचता येत नव्हती आणि चष्मा बदलायचा म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. डोळे बदलण्यापेक्षा टीव्ही बदललेला बरा, असा हा माणूस. जळगावच्या दुकानातून मोठा खोका असोद्याला घरी आला. भिंतीवर बसवून द्यायला कंपनीचा माणूस येईल, असं दुकानदाराने सांगितलं होतं आणि आबांनी स्वतःच्या मोबाइलवरून तशी नोंदणीही करून ठेवली होती. दोनच दिवसांनी पहाटे ते केळीला पाणी लावायला म्हणून उठले, चपला घालायला ओट्यावर बसले ते बसलेच.

मी धुळ्याला नोकरी करतो. बायको-मुलांना घेऊन पोचलो, सगळं करायचं ते केलं, डोकं भादरून घेतलं आणि सुतक धरलं. या सगळ्यात मला काहीही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग आपलाच गाल आपण बोटाने दाबून पाहतो, तसा मी स्वतःला दाबून पाहायचो. आबा आता नाहीत, असं मनाशी म्हणायचो. बरं, नाहीत. मग पुढे काय, तर पाण्याचा जार मागवायचा होता.

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. दारावर आलेल्याला ‘या’ म्हणायचं नसतं आणि त्यानेही जाताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. तो येतो, हात जोडतो, सतरंजीवर बसतो. कोण, कुठला, हे कोणी तोंडावर विचारत नाही. विचारलं तर आपल्याच नात्यातला माणूस आपल्याला ओळखू येत नाही असं होतं, आणि ते मरणापेक्षा वाईट. मग घरातलं कोणीतरी त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगतं. आमच्याकडे हे काम नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी उचललं होतं. इतक्या वेळा सांगून त्यांची हकीकत छान बसली होती. कुठे थांबायचं, कुठे डोळ्याला उपरणं लावायचं, सगळं ठरून गेलं होतं.

बायका आत. प्रत्येक नवी बाई आली की आईच्या गळ्यात पडायची आणि दोघी हेल काढून रडायच्या. रडणं ओसरलं की आई पदराने डोळे पुसायची आणि विचारायची, “कोन्त्या गाडीनं आल्या?” दिवसातून कितीदा तरी. मला तिचा हेवा वाटायचा. हिला निदान रडू तरी येतं, असं वाटायचं.

टीव्हीचा खोका बैठकीतच भिंतीला टेकवून उभा होता. त्यावर रंगीबेरंगी पोपटांचं चित्र होतं. सुतकात ते बरं दिसेना म्हणून नानांनी त्यावर चादर टाकली आणि आलेली माणसं त्याला पाठ टेकून बसायला लागली.

एक दिवस दुपारी, बैठक बऱ्यापैकी भरलेली असताना, पाठीला सॅक लावलेला एक माणूस दारात उभा राहिला. वय पस्तिशीचं असेल. आत बसलेली माणसं पाहून तो गोंधळला. नानांनी सवयीने हाताने सतरंजी दाखवली. त्याने बूट काढले, हात जोडले आणि बसला. सॅक मांडीवर. नानांनी हकीकत सुरू केली. केळीचं पाणी, ओटा, चपला. माणूस मान खाली घालून सगळं ऐकत होता. शेजारी धुळ्याकडचे एक म्हातारे पाहुणे बसले होते. त्यांनी उसासा टाकला, “बठ्ठं देवना हातमा शे.” सगळं देवाच्या हातात, या म्हणण्यावर यानेही मान हलवली.

नाना माझ्या कानाशी लागले. “कोन आहे रे हा? तुह्या आईच्या माहेराकडचा दिसते.”

“मला वाटलं तुमच्या ओळखीचा आहे.”

“गप बस मंग. नाव इचारू नको.”

मंडळी उठली तसा तोही उठला, काही न बोलता बाहेर गेला. मी चपलांच्या ढिगापाशी उभा होतो. बुटाची नाडी बांधता बांधता तो हळूच म्हणाला, “दादा, मी टीव्ही बसवायला आलो होतो.”

एरवी हसलो असतो.

“काकांचा फोन बंद लागत होता म्हणून पत्त्यावर आलो,” तो म्हणाला. “मांडव पाहिला तेव्हाच मागे फिरायला पाहिजे होतं. पण त्या बाबांनी हात दाखवला. आता दारावर आलेला माणूस न बसता कसा जाईल? मी यावलचा आहे दादा, मला कळतं.”

मी त्याला सांगितलं की टीव्ही इथे बसवायचाच नाहीये. दिवस झाले की आईला मी धुळ्याला नेणार आहे, घराला कुलूप लागेल, टीव्हीही तिकडेच जाईल. तर ही नोंदणी रद्द करा. तो म्हणाला, रद्द करायलाही ओटीपी लागतो आणि तो काकांच्याच नंबरवर येणार. तो फोन बंद करून कपाटात ठेवलाय, नंतर बघू, असं मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि मोटारसायकलला किक मारली. आई शेजारच्या मोरीवर हात धूत होती. तिने हे सगळं ऐकलं असणार.

आईला धुळ्याला न्यायचं हे नानांनी आणि मी ओट्यावर बसून ठरवलं होतं. केळी नाना पाहणार. आईला सांगितलं तेव्हा ती “हं” म्हणाली होती, आणि आमच्या घरात आईचं ‘हं’ म्हणजे होकार, असा नियम पूर्वीपासून होता. नाना आईला अक्का म्हणत; त्यांचं म्हणणं, “अक्का एकटी आठी कशी ऱ्हाईन?” खरं सांगायचं तर मला तिच्या एकटेपणाची एवढी काळजी नव्हती. मलाच ती बरोबर हवी होती. ती घरात दिसली, तिची भाकरी थापायची थपथप ऐकू आली, म्हणजे हे बधिर इंजेक्शन उतरेल आणि मला काहीतरी वाटायला लागेल, असा माझा डाव होता.

उत्तरकार्य झालं. मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला. मुलांची शाळा होती म्हणून बायको त्यांना घेऊन पुढे गेली. दुसऱ्या दिवशी आईची बॅग मी डिकीत ठेवली आणि टीव्हीचा खोका मागच्या सीटवर आडवा घालायच्या खटपटीला लागलो. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, “आडवा नका घालू! पॅनल फुटेल!”

तोच माणूस. तीच सॅक.

“तुम्हाला कोणी बोलावलं?” मी म्हणालो.

“काकांचा फोन आला,” तो म्हणाला आणि स्वतःच चपापला. “म्हणजे त्यांच्या नंबरवरून. गाडी चालवत होतो. स्क्रीनवर नंबर पाहिला आणि गाडी एकदम कडेलाच घेतली, दादा. उचलायची हिंमत होईना.”

आई दारात येऊन उभी होती. “मी बोलावलं त्याले. फोनात नंबर होता त्याचा,” ती म्हणाली. “खोका आत आन.”

आवाज ऐकून समोरच्या ओट्यावरून नाना आले. “अक्का, हे काय नवीन?”

“टीव्ही,” आई म्हणाली.

मी खोका आत आणला. मला राग आला होता, म्हणजे यायला हवा होता, आणि मी तो आल्यासारखा चेहरा केला होता.

टीव्हीवाल्याने भिंतीवर बोटाची टिचकी मारत मारत जागा पाहिली. मग म्हणाला, “बघणारे कुठे बसणार? डोळ्यांच्या रेषेत घ्यावा लागतो. बसून दाखवा जरा.”

आबा खाटेवर लोळून टीव्ही बघायचे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात तांदळाचं ताट किंवा मेथीची जुडी घेऊन, अर्धा कार्यक्रम बघायची आणि अर्धा दूध उतू जातंय का ते. आता तिने अंगणातली प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, बैठकीच्या बरोबर मधोमध ठेवली आणि बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर.

“अजून कोणी?” त्याने विचारलं.

“नाही. मीच.”

त्याने पेन्सिलने खुणा केल्या. मला खाली वर्तमानपत्र धरायला लावलं आणि ड्रिल सुरू केलं. विटांची लाल भुकटी माझ्या हातांवर, मनगटांवर, नव्याने उगवणाऱ्या केसांच्या खुंटांवर पडत होती. मी बघत होतो. त्याने भोकांत प्लास्टिकचे गट्टू ठोकले, लोखंडी पट्टी आवळली, पाणसळ लावून पाहिली आणि मग आम्ही दोघांनी टीव्ही उचलून अडकवला. नाना खाटेवर बसून “डावीकडं उतरला, डावीकडं उतरला” म्हणत राहिले. तो कुठेही उतरला नव्हता.

काम झाल्याचा ओटीपी आला तेव्हा आईने कनवटीचा आबांचा फोन काढला आणि एकेक आकडा शाळेत म्हणतात तसा खणखणीत म्हटला. त्याने रिमोट माझ्या हातात दिला आणि चॅनेल, सेटिंग, मोबाइल कसा जोडायचा, हे समजावू लागला. आईने माझ्या हातातून रिमोट घेतला.

“आवाज कोठून वाढते?”

“हे बटण, काकू. अन् चॅनेल बदलायला...”

“ते ऱ्हाऊ दे.”

तिने बटण दाबून धरलं. कसल्या तरी जाहिरातीतली बाई एवढ्या मोठ्याने गायला लागली की नानांनी कानांवर हात ठेवले. टीव्हीवाला म्हणाला, “इतका मोठा नका ठेवू काकू, डोकं उठेल.” आईने समाधानाने टीव्ही बंद केला आणि त्याला चहा दिला. या वेळी तो जाताना मोठ्याने “येतो काकू” म्हणाला. नानाही गेले.

बैठकीत आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, “आई, टीव्ही राहू दे इथे. तू चल ना. चार दिवस तरी. मला करमणार नाही गं.”

हे मी तिला पहिल्यांदा सांगत होतो. ती झाडू घेऊन लाल भुकटी गोळा करत होती. काम न थांबवता म्हणाली, “मले रडायचं आहे.”

“एवढे दिवस रडतेच आहेस की.”

“ते लोकाइचं. जे येईन तिच्या गळ्यात पडून रडाचं. नाही रडलं तं म्हनतीन, हिले काहीच नाही. माह्यं ऱ्हायलंच आहे.”

“मग माझ्याजवळ रड. मी आहे ना.”

“तुह्या देखत नाही येत.” तिने भुकटी सुपात भरली. “तुह्या घरी तं सून, पोरं. तठी कसं येईन? अन् आठी जराक आवाज झाला तं भिंतीपल्याडची धावत येते, काय झालं व माय म्हनून. मंग पुन्हा तिच्याच गळ्यात पडा.”

मग तिने टीव्हीकडे पाहिलं. “याचा आवाज बराच हाये,” ती म्हणाली. “तू जाय आता. तू गेल्याबगर मले बसता येत नाही.”

मी डिकीतून तिची बॅग काढली आणि आत खाटेवर ठेवली. तिने मला थांबवलं नाही, जेवून जा असंही म्हणाली नाही. मी गाडी सुरू केली. गल्लीच्या वळणापर्यंत पोचलो नसेन तर मागे जाहिरात सुरू झाली, कपडे धुण्याच्या पावडरची, कान फाटतील इतक्या आवाजात. नाना ओट्यावरून ओरडले, “अक्का, कमी कर ना व!”

आवाज आणखी वाढला. मी खिडकीची काच वर केली आणि धुळ्याच्या रस्त्याला लागलो.